मालिकेनं खाल्लेली पाच मिनिटं

मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मला बघितलंच नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगते. त्यांनी टीव्ही बघितला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दर रविवारी सकाळी देवादिकांची ती मालिका लागायची आणि जळगाव शहर ओस पडायचं. आम्ही मेहरूणला राहायचो. गल्लीत टीव्ही एकच होता, समोरच्या किराणा दुकानदारांकडे, आणि रविवारी सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर चपला काढून आत शिरायची. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मलाही मालिका आवडायची, नाही असं नाही. पण आमच्या घरी ती घुसली ती माझ्या मुळावरच.

स्थळ नरडाण्याजवळच्या गावचं होतं. मुलगा तालुक्याच्या कचेरीत कारकून, घरची शेती. मध्यस्थ मामांनी निरोप आणला की मंडळी रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतील, पण मुलाचे वडील मालिका चुकवत नाहीत, तेवढी सोय बघा. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना त्याच संध्याकाळी दुकानदारांकडे गेले आणि एका सकाळपुरता टीव्ही मागून आले.

मी रुसून बसले होते. मला लग्न नको होतं असं नाही. मला परीक्षा द्यायची होती, बस. मार्च-एप्रिलपर्यंत कोणी थांबेल का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो मला मुलालाच विचारायचा होता, कारण मोठ्या माणसांना विचारलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. त्या काळी आमच्यात मुलामुलीनं एकटं बोलायची पद्धत नव्हती. पण नानांनी माझा चेहरा बघून मामांकडून शब्द घेतला. मला म्हणाले, "स्वयंपाकघरात पाच मिनिटं देईन तुला. दार लोटून. काय विचारायचं ते विचार. तो नाही म्हणाला, तर मीही नाही म्हणेन."

ही फार मोठी गोष्ट होती. माझा जीव भांड्यात पडला. मी ते वाक्य पाठ केलं: माझी परीक्षा होईपर्यंत थांबाल का? आरशासमोर म्हणून बघितलं. पोहे भिजवताना म्हणून बघितलं.

रविवारी माझ्या अभ्यासाच्या टेबलावरची पुस्तकं पलंगाखाली गेली आणि टेबलावर टीव्ही बसला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. टीव्ही जिकडे, गल्ली तिकडे. पाहुण्यांच्या आधी दुकानदारांचं कुटुंब आलं, टीव्ही त्यांचाच, त्यांना कोण नाही म्हणणार? मग त्यांच्याकडे बसणारे सगळे आले. देवाच्या कार्यक्रमाला दार लावायचं कसं, म्हणून नाना दारात हात जोडून उभे राहिले आणि लोक त्यांना नमस्कार करून आत शिरत राहिले. बैठकीची खोली भरली, मग लोक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, मग आत, ओट्याला टेकून. तिथून पडदा तिरका का होईना, दिसत होता. माझी पाच मिनिटांची जागा शेजारपाजारच्या बायकांनी भरून गेली.

पॅसेंजर उशिरा आली. मंडळी घामाघूम होऊन पोचली तेव्हा जाहिराती चालू होत्या. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, आत येता येता अहिराणीत विचारते झाले, "सुरू व्हयनं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी टोपी नीट केली आणि पडद्यासमोर मांडी घातली. आईनं मला बाहेर आणलं. त्या जाहिरातींच्या वेळात माझा कार्यक्रम झाला. मुलाच्या आईनं नाव विचारलं. मी सांगितलं. "रांधता येस ना?" मी मान हलवली. तेवढ्यात शंख वाजला आणि खोलीतले सगळे हात एकदम जोडले गेले.

मी पोह्यांचं ताट घेऊन उभी. मुलाच्या आईनं मान न वळवता बशी घेतली. आबांच्या हातात मी बशी ठेवली ती त्यांना कळलीसुद्धा नाही, पोहे थंड झाले. त्या आठवड्यात राजपुत्राचं वनात जाणं चाललं होतं. तो निघतोय, निघतोय आणि निघत नाही. आधी आईचा निरोप, मग भावाचा, मग नगरातल्या एकेकाचा. प्रत्येक जण सावकाश रडत होता, आणि प्रत्येकाच्या रडण्याबरोबर आमच्या बैठकीतही पदर डोळ्यांना लागत होते. एरवी मीही रडले असते. त्या दिवशी मला वाटत होतं, अरे जा ना बाबा एकदाचा!

मुलगा आबांच्या बाजूलाच, दाराकडे तोंड करून बसला होता. सगळ्या खोलीत पडद्याकडे पाठ असलेला तो एकटाच. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं, आणि उठला. हळू आवाजात म्हणाला, "ते बोलायचं होतं ना?"

आबांनी पडद्यावरची नजर न काढता त्याचं मनगट धरलं. "बस आठे. देवनी येळ शे."

तो बसला. आबांनी मनगट सोडलं नाही. शेवटपर्यंत धरूनच ठेवलं होतं, आणि ते मला तेव्हा जरा गमतीचं वाटलं. वाटलं, मुलाला घाई झालेली दिसते.

मालिका संपली आणि लोक उठले, चपलांचा गोंधळ झाला, परतीच्या गाडीची वेळ झाली. नाना म्हणाले, "मुलांना जरा बोलू द्या की." मी पदर सावरून स्वयंपाकघराच्या दारात तयार होते. आबा डोळे पुसत होते. रडून रडून त्यांचा चेहरा अगदी निर्मळ दिसत होता. ते म्हणाले, "आते काय बोलनं शे? बठ्ठं देवसमोर व्हई गयं. पोर आम्हले पसंत शे." आणि त्यांनी नानांना मिठी मारली.

नाना त्या मिठीतून माझ्याकडे बघत होते. त्यांची ती नजर मी विसरले नाही. सगळं देवासमोर झालं म्हटल्यावर मुलीच्या बापानं काय बोलायचं? चार लोक ऐकत होते, दुकानदार पेढे आणायला धावलासुद्धा होता. आईनं मला पुढे ढकललं, वाक म्हणाली. मी वाकले. पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त धरला. त्यांना फार घाई होती. घाई का, हे कोणी विचारलं नाही. परीक्षेचं मी आईकडे काढलं तर ती म्हणाली, लग्न झाल्यावर दे की, नवरा शिकलेला आहे. नानांनी मांडवात सगळ्यांना सांगून मला टीव्ही दिला. आबांना आनंद होईल म्हणून.

झालाही. माझ्या सासरी तो ओसरीवर बसला आणि दर रविवारी अर्धं गाव आमच्या घरी. मी पाणी देत फिरायची. वनवास, युद्ध, सगळं मी तांब्या हातात घेऊन उभ्यानं बघितलं. माझा नवरा मात्र मालिकेचा शंख वाजला की उठून मागे गोठ्याकडे जायचा. आबा म्हणायचे, नास्तिक शे. मलाही तसंच वाटायचं.

लग्नाला महिना झाला असेल. सकाळची वेळ, मी अंगणात सडा घालत होते. हे दात घासता घासता तुळशीपाशी कोसळले. दातखीळ बसली, हातपाय झटके द्यायला लागले, तोंडातून फेस. मी किंचाळले. सासूबाई घरातून धावत आल्या त्या कांदा फोडतच, आणि तो त्यांनी यांच्या नाकाशी धरला. दुसऱ्या हातानं डोक्याखाली पदराची घडी सरकवली. मी भिंतीला टेकून बघत होते. त्यांच्या हाताला सवय होती. किती वर्षांची, ते त्या हातांवरूनच कळत होतं. यांना शुद्ध येताच यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

नानांना निरोप गेला. ते आले, ओसरीवर बसले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि शेतातल्या कापसाबद्दल बोलले. नाना मागच्या दारी येऊन माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय करू, सांग." परत घेऊन चला म्हटलं असतं, तर त्यांनी नेलंही असतं आणि मग आईनं दार लावून घेतलं असतं. मी म्हटलं, "गाडी चुकेल तुमची, निघा." ते निघाले. वळणापर्यंत मागं वळून बघत होते.

ती परीक्षा मी दिली नाही. पहिल्या वर्षी आजारपण, दुसऱ्या वर्षी बाळंतपण, मग पुस्तकं जुनी झाली, अभ्यासक्रम बदलला. हे माणूस म्हणून चांगले होते, आहेत. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झटके कमी झाले. माझ्याशी ते शहरी मराठीत बोलायचे, मी जळगावची म्हणून. घाबरले की मात्र अहिराणी यायची. आम्ही भांडायचो, हसायचो, सगळ्यांसारखं. पण फसवल्याचा काटा माझ्या मनातून गेला नव्हता, आणि मी तो त्यांना अधूनमधून टोचायची. तेही गप्प ऐकून घ्यायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला आणखी संताप यायचा.

आबा वारले. काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, ती मालिका पुन्हा दाखवायला लागले. आता गावात घरोघर टीव्ही होते, आमच्याकडे कोणी यायचं नाही. एका रविवारी मी गहू निवडत समोर बसले होते. तोच निरोपाचा भाग लागला. राजपुत्र निघतोय, निघतोय. मला हसू आलं आणि मी म्हटलं, "बघा, याच्यामुळे आपलं लग्न झालं."

हे गोठ्याकडे निघाले होते. थांबले. परत आले, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसले.

"त्या दिवशी मला तुला सांगायचं होतं," ते म्हणाले. "फिट येतात ते. आबांना मी आधीच बजावलं होतं, मुलीला मी स्वतः सांगणार. म्हणून तर त्यांनी हात धरून ठेवला."

सुपातले गहू तसेच राहिले. मी म्हटलं, "मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच तर सांगायचं होतं."

इतकी वर्षं मी ज्याला टोचत होते, तो त्या खोलीत माझ्यासारखाच बसवून ठेवलेला होता. मी विचारलं, "मग नंतर का नाही सांगितलंत?"

"आलो होतो जळगावला. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नाना भेटले. हातात पत्रिकांचा गठ्ठा होता, छापून आणलेला. इतके खूश होते. मी त्यांच्यासोबत चहा घेतला आणि परत आलो." मग म्हणाले, "तुलाही काहीतरी बोलायचं होतं ना? बोल. आता आवाज नाही."

मी ते वाक्य कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. तरी पाठच होतं. "माझी परीक्षा होईपर्यंत थांबाल का?"

"थांबलो असतो," ते लगेच म्हणाले. "आणि तेवढ्या वेळात तुला कुणीतरी सांगितलंच असतं."

म्हणजे दोघांपैकी कुणीही एकानं तोंड उघडलं असतं, तरी आम्ही दोघं त्या ओसरीवर नसतो. समोर माणसं आवाजाशिवाय रडत होती. मला यांची फार दया आली आणि माझी त्याहून जास्त. हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं काही मी अजूनही काहीतरी ठरवू शकत होते.

"आई, आवाज का बंद केला?" आतून लेक ओरडली.

मी सूप खाली ठेवलं, उठले आणि आवाज वाढवला.