डावा हात

आमच्या घरात मोटारसायकल मी चालवते आणि नवरा मागे बसतो. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता पाठ झालंय. तरीही दर वेळी समोरचा माणूस ते ऐकून नवऱ्याकडेच बघतो. यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात मी नवीन टूरिंग बाइक घेणार असल्याचं बोलले, तर तिळगूळ चघळत एका काकांनी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" विचारलं नवऱ्याला. नवरा नागपूरचा आहे. तो म्हणाला, "मला काय माहीत काका, मी सामान आहे."

टूरिंग बाइक म्हणजे दिवसभर चालवूनही संध्याकाळी माणूस माणसासारखा उतरावा म्हणून बनवलेली मोटारसायकल. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना डिक्या, मागच्याला पाठ टेकायला गादी. आमची जुनी गाडी यातली नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मोटारसायकलचं लायसन्स काढलं तेव्हा घेतलेली ती मधल्या आकाराची साधी गाडी. दहा वर्षं तिच्यावर आम्ही ओक्लाहोमा बघितलं, आर्कान्सा बघितलं. पण शंभर मैल झाले की नवऱ्याची पाठ बोलायला लागायची. तो एप्रिलमध्ये नोकरी सोडणार होता. लोक रिटायर होताना क्रूझची तिकिटं काढतात. याने एकच गोष्ट मागितली: तीन आठवडे कोलोरॅडोचे घाट, आणि तेही मागे बसून. त्याचं म्हणणं असं की चालवणाऱ्याला रस्ता बघावा लागतो, आणि त्याला डोंगर बघायचे होते.

मागे बसणारा म्हणून त्याच्यात एक खोड आहे. सिग्नल जवळ आला किंवा कुणी आडवं आलं की तो हलतो. पाय फूटरेस्टवरून काढतो, अंग सावरून घेतो. मागचा माणूस हलला की गाडीचा तोल पुढच्याला सांभाळावा लागतो. हे मी त्याला शांतपणे समजावलं होतं, रागावून सांगितलं होतं, एकदा तर हायवेच्या कडेला गाडी थांबवून सांगितलं होतं. "पोत्यासारखा बस," मी म्हणायची. तो हो म्हणायचा आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा हलायचा.

गाडी निवडायचं काम अर्थातच माझं होतं. पंचवीस वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो आणि सुट्टीच्या दिवशी मी तेच फुकट करते, असं आमची मुलगी म्हणते. मी रीतसर तक्ता केला. सीटची उंची, वजन, डिकीत काय मावतं, मागच्या सीटची रुंदी. पाच नावं होती, त्यातली दोन नुसत्या आकड्यांवर कटली. उरलेल्या तीन चालवून बघायच्या ठरल्या.

इथे टेस्ट राइडची पद्धत ठरलेली आहे. लायसन्स दाखवायचं, चार कागदांवर सह्या करायच्या, मग शोरूमचा माणूस स्वतःच्या गाडीवर पुढे निघतो आणि आपण ठरलेल्या रस्त्यावरून त्याच्या मागे जायचं. मागे कुणाला बसवायला परवानगी नाही. त्यामुळे नवरा आत कॉफी घेऊन सुडोकू सोडवत बसायचा आणि मी एकटी जायची.

पहिली गाडी इथलीच, अमेरिकन. आवाज भारी, बसायला आरामखुर्ची. पण तिचं सगळं वजन वर आणि पुढे, आणि पार्किंगमध्ये वळवताना माझे दोन्ही हात भरून आले. सेल्समन नवऱ्याला म्हणाला की सवयीने होतं. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. दुसरी जर्मन. चालायला अतिशय गुणी, पण मी पाच फूट दोन इंच. सिग्नलला माझे अंगठे तेवढे जमिनीला लागायचे, वरच्या फळीवरची बरणी काढताना उभं राहतो तशी मी उभी. तीन आठवडे असं उभं राहणं शक्य नव्हतं.

तिसरी जपानी. तिच्यावर बसले आणि तक्ता विसरले. एवढी थोरली गाडी, पण वजन खाली असल्यामुळे चाकं फिरायला लागली की ती हलकी व्हायची. पाय टेकत होते. मागची सीट म्हणजे सोफाच. ती दोन प्रकारांत मिळत होती: एक नेहमीसारखी, क्लच आणि गिअरची, दुसरी ऑटोमॅटिक, तिचे गिअर आपोआप पडतात, म्हणून डाव्या मुठीपुढे क्लचचा दांडाच नाही. सेल्समनने दोन्ही दाखवल्या. मी म्हटलं, क्लचवाली. ऑटोमॅटिककडे मी वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि त्याला कारण होतं.

मी वाढले पुण्यात. अकरावीत मला बिनगिअरची स्कूटर मिळाली. मुलींना तीच मिळायची. गिअरची गाडी भावाला. शिकवलंही भावानेच. सिंहगड रोडला एका रिकाम्या प्लॉटमध्ये त्याने मला पहिला धडा दिला तो हा, की उजव्या हातातला पुढचा ब्रेक विसरून जा, तो दाबलास तर तोंडावर पडशील. डाव्या हातातला मागचा दाबायचा, बस. पुण्यातल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना कुणा ना कुणा भावाने किंवा वडिलांनी हेच सांगितलेलं होतं. रिक्षा आडवी आली, डावा हात. गाय बसलेली, डावा हात. दहा वर्षं मी स्कूटर चालवली आणि उजव्या ब्रेकला हात लावला नाही.

मोटारसायकलचं सगळं उलटं असतं. डाव्या हातात क्लच. तो दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, म्हणजे गाडी थांबत तर नाहीच, मोकळी पुढे जाते. थांबवणारा खरा ब्रेक उजव्या हातातला, ज्याला भावाने विसरायला सांगितलं होतं तोच. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी हे सगळं नव्याने शिकले, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर प्लॅस्टिकचे कोन लावलेल्या पार्किंगमध्ये घिरट्या घालत. गिअरची गाडी ही माझी कमाई होती. ऑटोमॅटिक घेणं म्हणजे पुन्हा त्या मुलींच्या स्कूटरवर जाऊन बसणं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

तर क्लचवाली घेऊन निघाले. सर्व्हिस रोडने चार मैल, टोलवेवर थोडं, परत. सगळं मजेत चाललं होतं. परत येताना, शोरूम समोर दिसत असताना, सिग्नल पिवळा झाला. मला वाटलं पुढचा माणूस निघून जाईल. त्याने ब्रेक मारला. त्याचा लाल दिवा एकदम मोठा झाला आणि मी जोरात ब्रेक दाबला. दाबला तो डाव्या हाताने.

गाडी सुटली. तो क्षण फार छोटा होता, पण त्यात मला दोन गोष्टी स्वच्छ कळल्या: एक, मी काय केलं आहे; दोन, डावा हात आणखी घट्ट आवळला जातोय. मग उजवा हात आणि उजवा पाय जागे झाले, मी त्याच्या बाजूने निसटले आणि थांबण्याच्या रेघेपुढे, पायी चालणाऱ्यांच्या पट्ट्यांवर उभी राहिले. माझ्यासमोरून एक पिकअप ट्रक आरामात डावीकडे वळला. सेल्समनने बाजूला बघून अंगठा वर केला. त्याला वाटलं, मी गप्पा मारायला शेजारी येऊन उभी राहिले.

नवऱ्याने विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, मस्त आहे. घेऊ या.

आमच्या कामात एक रीत आहे. एखादी चूक एकदाच दिसली, पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर तिच्यावर तसा शेरा मारून ती बंद करून टाकायची. मी तेच केलं. नवी गाडी, अनोळखी ब्रेक, पुढच्याने उगाच थांबणं. शेरा मारला, बंद केलं. नवरा मात्र आठवडाभर कोलोरॅडोचे नकाशे उघडून बसला होता. एका संध्याकाळी त्याने मला एका घाटाचा फोटो दाखवला. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, कठडासुद्धा नाही. इथून उजवीकडे काय दिसत असेल, तो म्हणाला. मी भाजी ढवळत होते. मला उजवीकडचं काही दिसलं नाही; उतार दिसला, वळण दिसलं, आणि माझी डावी मूठ उलथन्यावर आवळलेली दिसली. भीती मला रस्त्यावर वाटली नव्हती ती तिथे गॅससमोर वाटली. मी पडले तर मी पडेन. पण मागे तो असणार होता.

तरी मी आणखी चार दिवस गप्प बसले. दोष दुसऱ्याच्या कामातला असता तर पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले असते.

शनिवारी जुनी गाडी शोरूमला देऊन नवीन पक्की करायची होती. तिच्यावरची शेवटची चक्कर म्हणून आम्ही दोघं तिच्यावरूनच जाणार होतो. गराजचं दार उघडलेलं, नवरा हेल्मेटचा पट्टा लावत होता. मी किल्ली लावली आणि पुन्हा काढली. मग त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं. सिग्नल, डावा हात, रेघ, ट्रक. तुला मागे बसवून घाटात जावं की नाही मला कळत नाही, असंही म्हणाले.

त्याने पट्टा लावून पूर्ण केला. "हो, तो हात," तो म्हणाला. "माहितीये मला."

मला वाटलं सेल्समनने काही सांगितलं असेल. तसं मी विचारलं.

"अगं, दहा वर्षं तुझ्या मागे बसतोय. तू दचकलीस ना, की तुझा डावा खांदा आधी वर जातो. मग गाडी जरा सुटते. मग तू ब्रेक मारतेस." त्याने हे हवामान सांगितल्यासारखं सांगितलं. "खांदा वर गेला की मी पाय काढून ठेवतो. पडलो तर निदान एक पाय टेकेल."

हायवेच्या कडेला गाडी थांबवून मी त्याला सुनावलं होतं ते आठवलं. पोत्यासारखा बस. आधी लाज वाटली आणि पाठोपाठ राग आला, कारण लाजेपेक्षा राग सोपा. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "दहा वर्षं?"

"सांगितलं असतं तर तू चालवणं सोडलं असतंस," तो म्हणाला. "आणि मला तुझ्यामागे बसायला आवडतं, यार."

किती वेळा झालं असं, हे मी विचारलं नाही. आम्ही गाडीवर बसलो आणि मी आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी सावकाश ती शोरूमपर्यंत नेली. वाटेत तीन सिग्नल लागले आणि तिन्हींना मी उजव्या हाताला मनातल्या मनात हाक मारली.

शोरूममध्ये मी ऑटोमॅटिक चालवून बघायचीय म्हटलं. सेल्समनला नवल वाटलं, कारण कागद क्लचवालीचे तयार होते. पुन्हा सह्या, पुन्हा सर्व्हिस रोड. चालवायला ती तितकीच गुणी निघाली, हे कबूल करायला मला अर्धा रस्ता लागला. परत आल्यावर मी सांगितलं, हीच. त्याने सवयीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा सुडोकूत होता. मला हवा तो निळा रंग नव्हता, पांढरा होता. पांढरा घेतला.

दहा दिवसांनी गाडी ताब्यात आली. नारळ मी बरोबर आणला होता, पण शोरूमच्या चकचकीत फरशीवर तो फोडायचा धीर झाला नाही. पार्किंगच्या कडेला दगडावर फोडला, चाकांवर पाणी शिंपडलं आणि खोबरं सेल्समनला दिलं. नवरा मागे बसला, पाठ टेकून बघितली आणि समाधानाने हुं म्हणाला.

बाहेर पडून पहिला सिग्नल तोच. या वेळी डावीकडून एक गाडी लेन बदलून समोर घुसली. माझा डावा हात झटक्याने मिटला. पुढे दांडा नव्हता. बोटं हवेतून फिरून तळव्याला टेकली. उजवा हात एकटाच कामाला लागला आणि गाडी रेघेच्या चांगली अलीकडे थांबली.

मागे मात्र नेहमीसारखेच पाय हलले. गाडी किंचित डुलली, मी सावरली. या वेळी मी पोत्यासारखा बस म्हटलं नाही.