कॅप्सूलचे चार भाग

नातीचे गुडघे दुखायला लागले की मला घरात बसवत नाही. ओट्यावर जाते, परत आत येते, तिच्या कपाळाला हात लावते. चार वर्षांची आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-बाप दोघांकडून आला.

तिच्यासाठी आता पातळ औषध निघालंय. आपल्याच देशात बनलेलं, लेकरांच्या मापाचं. पेपरात वाचलं तेव्हापासून दर सोमवारी मी मारेगावहून एसटीनं यवतमाळला. सरकारी दवाखान्यातली औषधाच्या खिडकीवरची बाई मला लांबून बघूनच मान खाली घालते.

"आजी, मंजूर झालं ना. यादीत औषधाचं नाव बी आलं. पेटी नाही आली अजून."

"मंग यादी पाजू का पोरीले?"

रांग हसली, तीही हसली. हसण्यानं बाटली येत नाही.

खरं तर मला तोंड चालवायचा हक्क नाही. हिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, सहा वर्षांचा होता तेव्हा याच औषधाची मोठ्यांची कॅप्सूलच मिळायची. डॉक्टर म्हणाले होते, भाग दवाखान्यातच करून घ्या. पण मी पडले दहावी पास, दर आठवड्याला कोण जाणार? घरीच कॅप्सूल उघडायची, पाटावर पोस्टकार्डाच्या कडेनं भुकटीचे चार ढीग करायची, एक डोळा मिटून बघायची आणि पुड्या बांधायची. शेजारणींना मुद्दाम बोलावून दाखवायची. केवढी मोठी शास्त्रज्ञ. पुड्यांत औषध कमी-जास्त झालं; महिनाभरात पोराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, तापानं फणफणला, आठ दिवस भरती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ही शहाणी म्हणते, "साहेब, माप सोनारावाणी घेतलं."

तो पोरगा आता रोज अख्खी कॅप्सूल घेतो आणि डबी माझ्यापासून लपवतो. "आई, तुह्या हाताचा भरोसा नाही." डबी कणकीच्या डब्यामागे असते. मला ठाऊक आहे.

काल दुपारी पोरगी फार रडली. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी झाली, शेकणं झालं, पाणी पाजून झालं. मी डबी काढली. कॅप्सूल तळहातावर घेतली. कुठून उघडायची ते बोटं विसरली नव्हती. पोरगी रडायची थांबून बघायला लागली.

"आजी, मले दे ना."

"तुही नाही ते, माय."

ठेवून दिली. हात साबणानं दोनदा धुतले.

आज सोमवार नाही, तरी पिशवी घेऊन बसस्टँडवर बसले आहे. खिडकीवरची बाई विचारील, आजी, आज काहून? सांगीन, घरी राह्यली असती तर माह्या हातानं कॅप्सूल फुटली असती.