दगडावर डोळे वटारणारा दरवान

भाचीच्या खोलीत चहा घेऊन जाताना मी स्टुलाला अडखळलो आणि अख्खा कप तिच्या सतरंजीवर ओतला. त्यानंतर सगळ्यात आधी काय केलं असेल, तर स्टुलावर डोळे वटारले. मग हळूच दाराकडे पाहिलं, ताईने बघितलं तर नाही ना? मग मिशीवरून हात फिरवून दरडावलं, "हे स्टूल इथे कोणी ठेवलं?"

"तुम्हीच. मघाशी, पाय ठेवायला," भाची म्हणाली.

एरवी भाचीने माझी सालटी काढली असती. आज मात्र ती टक लावून बघत राहिली. "मामा, पुन्हा अडखळा ना."

ही माझी भाची व्हिडिओ गेममधल्या माणसांना माणसासारखं वागायला शिकवते. लहानपणी बाहुल्यांची भांडणं लावून दोघींच्या वतीने स्वतःच रडायची. आता त्याचाच पगार मिळतो. सध्या तिच्या पदरात किल्ल्याचा एक दरवान होता, पाण्याची घागर घेऊन फेऱ्या घालणारा. बिचारा कधी चुकायचा नाही की चिडायचा नाही. खेळून बघणाऱ्यांनी त्याचं नाव 'खांब' पाडलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, शुक्रवारच्या चाचणीतही तो खांबच राहिला तर दरवान रद्द. दाराला कुलूप लावू. आणि भाचीची रवानगी गेममधलं गवत हलवणाऱ्यांत.

"गवतही वाईट नसतं गं," मी धीर दिला.

"गवताला लाज वाटते का हो मामा?"

रिकामा कप उचलून मी पुन्हा स्टुलाकडे निघालो. मी इतक्यांदा अडखळलो की ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, याचा चष्मा बदलायला झालाय का?"

शुक्रवारी भाची घरी आली ती नाचतच. दरवान दगडाला ठेचकाळला होता. घागर हिंदकळली, तसे त्याने दगडावर डोळे वटारले, चोरून इकडेतिकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि सांडलेलं पाणी पायानेच पुसून टाकलं. खेळणारी एक मुलगी लढाई सोडून पडद्याला विचारू लागली, "लागलं नाही ना रे?" साहेबांनी कुलपाचा विषय तिथेच संपवला.

माझी छाती फुगली. "म्हणजे तो दरवान हुबेहूब मीच की!"

भाचीने सतरंजीवरच्या तपकिरी डागाकडे पाहिलं.

"छे मामा, तो पुसतो."