दिंग मावशीचे ठिपके

चीनमधल्या जिंगदजन गावात चिनीमातीच्या सरकारी भट्टीमागे दिंग मावशीची खानावळ होती. मटणाच्या रश्श्यातल्या शेवया, एवढा एकच पदार्थ. मावशी मुसलमान. वडील मशिदीत शिकवायचे. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी हिलाच अरबी-फारसी वाचायला शिकवलं होतं. नवरा वारल्यावर तिने पळी हातात घेतली आणि वीस वर्षांत तिला वाचता येतं हे गल्ली विसरूनही गेली.

मी तेव्हा भट्टीत चितारी होतो. त्या साली बीजिंगहून फर्मान आलं. झंगद बादशहांना मुसलमानांची अक्षरं आवडायला लागली होती. कुंचले टेकवायच्या बैठका, शाईच्या डब्या, ताटल्या, सगळ्यांवर तीच हवी होती. नमुन्याचे कागद सोबत होते, पण आमच्यात ती लिपी येणारा एकही नव्हता. वेलबुट्टी काढावी तशी आम्ही अक्षरं उतरवायला लागलो.

एकदा जेवताना मी सरावाचा कागद वाटीखाली ठेवला होता. मावशीने वाटी उचलून बाजूला केली.

"लू, हे काय काढलंयस?"

"बादशहांची वेलबुट्टी."

"कसली वेलबुट्टी? 'लेखणीची जागा' असं लिहायचंय इथे. यातले दोन ठिपके कुठे गेले?"

"ते शाईचे शिंतोडे वाटले. मुकादम म्हणाला, गाळा, स्वच्छ दिसेल."

मावशी इतकी हसली की चुलीवरचा रस्सा उतू गेला.

मी मुकादम फानला सांगितलं, तर तो तरातरा खानावळीत आला. "शेवया विकणारी बाई आता मला शिकवणार?"

"बसा तरी," मावशी म्हणाली. "जेवलात का?"

"बादशहांना कुठे हे वाचता येतंय?"

"ते मला काय ठाऊक? पण दरबारात आमची माणसं आहेत. ज्योतिषी आहेत, दुभाषे आहेत. भांडं आधी त्यांच्याच हाती पडणार."

फानचा चेहरा कच्च्या चिनीमातीसारखा पांढरा पडला. तो बसला. दोन वाट्या शेवया खाऊन मग म्हणाला, "बाईमाणसाला भट्टीत येऊ देत नाहीत. माल इथे आणला तर चालेल?"

"चालेल. पण डुकराच्या चरबीचे हात घेऊन कुणी आत यायचं नाही. काही ताटल्यांवर अल्लाचं नाव आहे."

दुसऱ्या दिवसापासून फळ्यांवर मांडलेली कच्ची भांडी आमच्या खांद्यांवरून गल्लीत यायला लागली. मावशीच्या दारात हात धुवायला घंगाळ आणि चाळीस माणसांची रांग. फानला तिने दोनदा परत पाठवलं. "नखं बघा जरा मुकादम. कालचं जेवण अजून तिथेच आहे." तो मुकाट्याने पुन्हा रांगेत उभा राहिला, आणि मागची पोरं तोंडं फिरवून हसत होती.

मावशी वाचायची, चूक दाखवायची. मी पात्याने निळा रंग खरवडून ठिपका जागेवर द्यायचो. अल्लाच्या नावातली खरवडलेली पूड ती कागदात जमा करून नदीत सोडून यायची. पायाखाली येऊ द्यायची नाही.

एका ताटलीपाशी मात्र ती थांबली.

"चुकलंय का?" मी विचारलं.

"नाही. बाबांनी पहिल्या दिवशी मला हीच ओळ शिकवली होती. हे बादशहाच्या घरी जाईल असं मी म्हटलं असतं ना, तर त्यांनी ताप आलाय का बघायला कपाळाला हात लावला असता." डोळे पुसून तिने पुढची ताटली ओढली. "या अक्षरांतला 'नून' कुणी काढलाय? मेलेल्या गोगलगाईसारखा दिसतोय."

तो फानने काढला होता.

माल बीजिंगला गेला. तिकडून तक्रार आली नाही, आणि आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. पुढच्या वर्षी दुप्पट मागणी आली.

चार-पाच वर्षांनी झंगद बादशहा वारले. नव्या बादशहांना करकोचे आणि ढग हवे होते, तेव्हा अक्षरं बंद झाली. मला वाटलं, मावशीला वाईट वाटेल. पण तोवर गावातल्या मुसलमान बायका आपल्या मुलींना वाचायला शिकव म्हणत तिच्याकडे यायला लागल्या होत्या. दुपारी चूल विझली की बाकांवर अकरा मुली बसायच्या. भट्टीतले झिजलेले कुंचले मी त्यांना नेऊन द्यायचो. फान मागच्या बाकावर शेवया खात बसायचा, आणि मुलींच्या आधी उत्तर दिलं म्हणून मावशीची बोलणीही खायचा.