निळ्या फ्रॉकच्या दुमडीत

शिवणबाई अंगाने मशीनवर आणि मनाने ढगात, असं तिची नणंद म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधणारी बाई ती! पायडल सुरू झालं की त्या घरघरीत तिची तंद्री लागायची. दुपारच्या उन्हात कापडाची बारीक धूळ तरंगत राहायची आणि ही त्या धुळीबरोबर कुठल्या कुठे निघून जायची. हात मात्र सरळ रेघेत शिवत राहायचे. त्या हातांना वेगळी अक्कल होती म्हणा ना.

फक्त एका बाबतीत तिची तंद्री चालायची नाही. शिवण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, सुई मोडली की हात थांबव. सगळे तुकडे हाती आल्याशिवाय पुढचा टाका नाही. राहिलेलं टोक कुणाच्या तरी लेकराला टोचतं." तेव्हापासून एकतीस वर्षं ती एक वही ठेवत होती. मोडलेल्या प्रत्येक सुईचे तुकडे जुळवून चिकटपट्टीखाली लावायचे, शेजारी तारीख आणि कपडा लिहायचा. नणंद त्या वहीला सुयांचं स्मशान म्हणायची.

मग ती बिस्किटाची दुपार आली. नवा पुडा फोडला, चहात बुडवायचाही धीर नव्हता, कोरडंच बिस्किट चावलं आणि कट्‌कन आवाज झाला. समोरचा दात अर्धा तुटून तळहातावर पडला. त्याच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा पोलादी तुकडा. रक्त पाहून नणंदच घाबरली, पण ती कचेरीत आयुष्य काढलेली बाई. तिने पुडा, पावती, दात, तुकडा, सगळं डबीत बंद केलं आणि त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिलं.

दात मुळापासून काढावा लागला. शिवणबाईचा दोरा तोडायचा दात तो! कात्री लांब, दात जवळ, ही जन्माची सवय. आता दोरा तोंडात धरला की फटीतून निसटून जायचा आणि ती तशीच बसून राहायची.

कंपनीचं उत्तर आलं. आमच्या यंत्रांतून असं काही सुटूच शकत नाही. तक्रारदार शिवणकाम करतात, तुकडा त्यांच्याच सुईचा असणार, आणि भरपाईसाठी हा बनाव दिसतो.

"बनाव!" नणंद कडाडली. "ह्यांना सोडायचं नाही, वहिनी. ग्राहक मंचात जाऊ."

शिवणबाईला राग आला नाही, नुसतं रडू आलं. गल्लीत कुणीतरी हसत म्हणालंही, स्वतःची सुई स्वतःच चावली असेल, तिचं लक्ष असतं का कुठे? हे मात्र तिला फार लागलं. कारण आपलं लक्ष नसतं, हे तिलाही माहीत होतं. शिवता शिवता तिला वाटायचं, खरंच माझीच सुई असली तर? मग मी खोटारडीच की.

आठ महिन्यांनी सुनावणी लागली, दुपारी बाराची. सकाळी पुरावा म्हणून वही पिशवीत टाकण्याआधी तिने सहज दात तुटला त्या तारखेचं पान उघडलं. चिकटपट्टीखाली सुईचे दोनच तुकडे होते. टोक नव्हतं. शेजारी तिच्याच अक्षरात, 'निळा फ्रॉक, खालची दुमड.'

आता तिला आठवलं. सुई त्याच दिवशी चहाच्या आधी मोडली होती. चहा पिऊन टोक शोधू म्हणाली, आणि मग दातच तुटला. त्या गडबडीत टोक राहिलं ते राहिलंच, आणि फ्रॉक तसाच शिवून दिला गेला.

"वन्सं, बघा हो हे."

नणंदेने पाहिलं. "पान फाडा. कुणाला कळतंय?"

"फाडीन कशी? ते टोक बिस्किटात नसेल तर फ्रॉकमध्ये असेल. त्या पोरीच्या गुडघ्याशी!"

"बाराला सुनावणी आहे, वहिनी!"

पण शिवणबाई चपला घालून निघालीसुद्धा.

फ्रॉक तीन गल्ल्या पलीकडच्या गवंड्याच्या मुलीचा. पोर उंच होणार म्हणून खाली चार पदरी दुमड घातलेली. मुलगी तोच फ्रॉक घालून दारात उभी होती आणि काढायला काही केल्या तयार नव्हती. "राहू दे ग," म्हणत शिवणबाईने तिला स्टुलावर उभं केलं, स्वतः जमिनीवर बसली आणि दुमड चिमटीत धरली. डोळे आपोआप मिटले. मुलगी स्टुलावर हळूहळू फिरत होती, निळं कापड बोटांतून सरकत होतं, आणि शिवणबाईला आपण मशीनवरच बसलोय असं वाटत होतं, त्या दुपारच्या उन्हात, समोर चहा निवतोय. बोटांनी टाके ओळखले. इथे थांबले होते. इथे पुन्हा सुरू केलं.

मग बोटाला टोचलं.

"सापडलं ग बाई!" ती रडत हसली. रक्ताचा ठिपका चोखत तिने चार टाके उसवले. चार पदरांच्या मधोमध इवलंसं टोक निजलं होतं.

मंचात ती अर्धा तास उशिरा, धापा टाकत पोचली. नणंद तोवर अध्यक्षबाईंना थोपवून धरत होती. कंपनीचा माणूस आपलं पत्रच वाचून दाखवत होता.

"वहीत त्या दिवशीचं टोक नव्हतं," शिवणबाईने स्वतःच सांगून टाकलं. नणंदेने कपाळाला हात लावला. "आज सकाळी फ्रॉकमधून काढून आणलंय. बघा."

अध्यक्षबाईंनी भिंग घेतलं. टोक मोडलेल्या सुईला नीट बसलं. मग तक्रारीसोबत मंचाकडे जमा केलेला बिस्किटातला तुकडा लावून पाहिला. तो कुठूनच बसेना, चपटा होता. त्या बराच वेळ वहीची पानं उलटत राहिल्या. एकतीस वर्षांच्या सुया.

"तुमच्याकडे यंत्राचा तुकडा मोडला तर अशी वही ठेवतात?" त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं.

त्याने फाईल चाळली. "बघून सांगावं लागेल."

निकाल पंधरा दिवसांनी होता. बाकावर दोघी नणंदा-भावजया शेजारी बसल्या. कारकुनाने भराभर वाचलं, दाताचा खर्च, मनस्तापाची भरपाई, रक्कम किती दिवसांत द्यायची. नणंद बोटांवर हिशेब करत होती, शिवणबाई खिडकीकडे पाहत होती. गेली ढगात, नणंदेला वाटलं.

तेवढ्यात ती उठून उभी राहिली. "पुन्हा एकदा वाचता का हो?"

कारकुनाने रक्कम वाचली.

"ते नाही हो. त्याच्या आधीचं."

त्याने चष्मा सारखा केला आणि वरची ओळ शोधली. "तक्रारदार खरे बोलत आहेत, असे मंचाचे मत आहे."

"हां," शिवणबाई म्हणाली आणि खाली बसली.