काउंटरवरचा एनपीसी

१४ मे, मंगळवार. जळगावात त्रेचाळीस डिग्री, वारा बंद.

दुकानातले किस्से मी वहीत टिपतो. एरवी महिन्याला जेमतेम पान भरतं. गेल्या महिनाभरात एकाच शब्दाने चार भरली.

आमचं दुकान पाण्याच्या मोटारींचं. शेठजींचा हर्षल पुण्याहून शिकून आला आणि आठवडाभरात त्याने काउंटरवरच्या नानांना नाव ठेवलं, एनपीसी. मी अर्थ विचारला.

"काका, गेममध्ये खेळतो तो प्लेअर. बाकीची माणसं कॉम्प्युटर चालवतो. एका जागी उभी. कोणीही आलं तरी तेच वाक्य."

नाना एकतीस वर्षं त्या जागी उभे आहेत. गिऱ्हाईक आलं की अहिराणीत तीन प्रश्न. "विहीर शे का बोअर? कितला फूट? लाईट कितला तास शे?" उत्तरं मिळाल्याशिवाय मोटर दाखवत नाहीत.

*

हर्षलने त्यांचा व्हिडिओ काढला. तीन गिऱ्हाइकं, तेच प्रश्न, एकापुढे एक जोडलेले. सगळा स्टाफ हसला. नानांनी दोनदा पाहिला.

"उत्तरं का कापली रे भाऊ? ती तिघांची वेगळी होती."

*

मग शब्द पसरला. टेम्पोवाला सिग्नलच्या पोलिसाला एनपीसी म्हणू लागला, अकाउंटंट सासऱ्यांना. ज्याचं काम आपल्याला कळत नाही, तो एनपीसी!

हर्षल रोज आत येताना "काय सीन, ब्रो?" म्हणतो. मी सलग अकरा दिवस नोंद ठेवली आणि वही त्याच्यापुढे धरली.

"काका, ती माझी स्टाइल आहे."

*

पुढे त्याने ठरवलं, काउंटरवर टॅब बसवायचा. फोटो बघा, बटण दाबा. नानांनी गोडाऊनला जायचं. नानांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत.

"पगार तोच शे," नाना मला म्हणाले. "पण तिथे पाईप बोलतील का माझ्याशी?"

शेठजींनी आठवडाभर ट्रायल घ्यायला सांगितलं. मोटारी परत आल्या तर नाना काउंटरवरच.

*

शनिवारी पारोळ्याच्या एक अक्का टेम्पोतून मोटर परत घेऊन आल्या. फोटो बघून घेतली होती. विहिरीची निघाली, त्यांची बोअर सहा इंची.

"घालू कुठे ही? डोक्यात?" त्या हर्षलला म्हणाल्या. "विचारलं का नाही कोणी? इथले बाबा विचारायचे."

त्या आठवड्यात परत आलेली ती पाचवी मोटर. शेठजींनी हर्षलला आणि नानांना केबिनमध्ये बोलावलं. मी काउंटरवरची नानांची जागा पुसून ठेवली.

*

सोमवारी टॅब बदलून आला, ट्रायलला आणखी एक आठवडा मिळाला. हात लावला की आधी तीन प्रश्न ऐकू येतात. विहीर शे का बोअर, कितला फूट, लाईट कितला तास शे. आवाज नानांचा, त्याच व्हिडिओतला. उत्तर दिल्याशिवाय फोटो उघडत नाही.

आठवड्यात परत आलेल्या मोटारी : शून्य.

नाना गोडाऊनला.