गाईनं खाल्लेली गव्हाण

नाताळात चर्चच्या अंगणात गोठा उभा करतात. त्याच्या तट्ट्याच्या भिंती शेणामातीनं सारवायचं काम अकोटला वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. शेणात हात घालायचा म्हटलं की बाकीच्या बायांना आपली साडी आठवे. मी चौथी शिकलेली, मला तसली अडचण नव्हती. सारवताना मला दरवर्षी वाटायचं, देवाला सगळी पृथ्वी मोकळी होती आणि त्यानं जन्माला यायला गोठा निवडला, हे लहान काम नाही. राजवाड्यात जन्मला असता तर त्याला पाहायला आलेल्या मेंढपाळांना फाटकावरूनच हाकललं असतं. गोठ्यात कोणीही शिरतो, पाय न धुता.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच निघून गेला. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत, म्हणून मळणीनंतर जनावरांसाठी उरतं ते कुटारही झालं नाही. लोक गाईबैल बाजारात नेत आणि मिळेल त्या भावात सोडून येत. नेमकं त्याच वर्षी आमच्या कमिटीनं एका मोठ्या पुढाऱ्याला गोठा पाहायला बोलावलं. तो अंगणात बोअर मारून देईल, ही आशा. मग गोठा मोठा पाहिजे, त्यात खरी गाय पाहिजे, असं ठरलं.

चर्चमागच्या गल्लीत एक मुसलमान बाई राहायची. नवरा जिनिंगात हमाली करायचा. तिची गाय नुकतीच व्यालेली, पण बरगड्या दिसत होत्या. ती मागायला मीच गेले.

"मावशी, गाय न्या, पण तिले खायाले देसान?" तिनं विचारलं.

"देऊ. गाडीभर कुटार आणलं आमच्या अध्यक्षांनी."

"मंग नवं साल लागेपर्यंत ठेवा. तिच्यात जीव आला त ठेवते. नाही त येत्या बाजारात इकनंच हाये." दोर माझ्या हातात देताना म्हणाली, "आमच्यात सांगतात, मरियमबी खजुराच्या झाडाखाली बाळंत झाली. तुमच्यात गोठ्यात. बिचारीले घर कोनीच नाही देल्लं."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्यासमोर कमिटीत जांभई द्यायचीही कोणाची हिंमत नसे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी पुढारी यायचा होता. खजिनदारानं गव्हाण कुटारानं काठोकाठ भरली, वर पांढऱ्या शालीत बाळ येशूची बाहुली ठेवली आणि हातभर अंतरावर गाय बांधली. उपाशी गाय कुटारापाशी बांधायची आणि ती फोटोसाठी शांत उभी राहील असं समजायचं, हे आमच्या कमिटीलाच सुचावं. गाईनं तोंड घातलं. शाल ओढली गेली, बाळ कलंडलं आणि खाली शेणात पडलं.

"हाकला तिले!" खजिनदार ओरडला. "सायेब येऊन राहिले! त्याईले काय गाईचं जेवन दाखवाव?"

"काहून, उपास दाखवता का? तुमीच बांधली ना तिच्या तोंडापाशी?" मी म्हटलं.

"मावशी, तुमी सारवा. मधात बोलू नका."

त्यानं दोर सोडला. फाटकाशी ती बाई पाजायला आणलेलं वासरू धरून उभी होती. गाय त्या फाटकातून बाहेर आली की बाजारात जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तेवढ्यात सर आले. त्यांनी शेणातलं बाळ उचललं आणि आपल्या नव्या सदऱ्याला पुसलं. पांढरा सदरा पार बिघडला.

"दोर बांधा," ते म्हणाले. "गव्हाण गाईची आहे. बाळ तिच्याकडे पाहुणं आलं होतं."

"अन् सायेब?"

"तेही पाहुणेच."

पुढारी आला तेव्हा सरांच्या दोन्ही हातांत बाळ होतं. त्यामुळे त्यांना पुढाऱ्याला हार घालता येईना, हात जोडता येईनात. खजिनदार कानाशी लागला, "सर, बाळ ठेवा ना बाजूले."

"कुठं ठेवू? जागा नाही," सर म्हणाले.

गाय खात राहिली. पुढाऱ्यानं ते पाहिलं, सरांचा सदरा पाहिला, अर्धा चहा घेतला आणि गेला. बोअर काही आली नाही.

सर संत नव्हते. शाळेत पोरांना सोलून काढायचे, हे गावाला ठाऊक होतं. पण त्या दुपारी मला नाताळाची गोष्ट जेवढी कळली तेवढी इतक्या वर्षांच्या उपदेशात कळली नव्हती. येशू जन्मला तेव्हाच्या हेरोद राजापाशी फौज होती, तरी तो तान्ह्या पोराला भ्याला. सरांपाशी फक्त अध्यक्षाची खुर्ची होती आणि ती जाईल म्हणून ते भ्याले नाहीत. गेलीच ती. पुढच्या निवडणुकीत खजिनदार अध्यक्ष झाला. सरांना वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटलं. महिनाभर ते कोणाशी धड बोलले नाहीत. पण तसं करायला नको होतं, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

नवं साल लागेपर्यंत गाईनं गाडीभर कुटार संपवलं. मग बाई येऊन तिला घेऊन गेली. त्यानंतरच्या बाजारात ती बाई मला मिरच्यांच्या ढिगापाशी भेटली, भावावरून विक्रेत्याशी भांडत होती. गाय घरी वासराला पाजत होती.